डावीकडची पट्टी

१

फोटो छापायला आमच्याकडे कॉम्प्युटर लागत नाही. हे मी मिरवायला सांगत नाहीये. भाचा प्रिंटरचं ते डबडं घेऊन आला तेव्हा त्याने हेच वाक्य इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मी त्याला विचारलं, "अरे, पण कॉम्प्युटर हवाय असं म्हटलं कोणी?"

"तसं नाही गं मावशी. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, इथे खुपसायचं, फोटो निवडायचा, बटण दाबायचं. संपलं. आईसुद्धा करेल."

आई म्हणजे माझी ताई. ती तेव्हा खुर्चीत बसून एकच रुमाल उलगडत होती आणि घडी घालत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय करायचंय मला?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा रुमालाला लागली.

प्रिंटर जेवणाच्या डब्याएवढा. त्याचा कागद जाडसर, दोन्ही टोकांना एकेक पांढरी पट्टी, जी नंतर टिंबांच्या रेघेवरून मोडून टाकायची. बटण दाबलं की कागद आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. अशा चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पिवळा रंग, तेव्हा सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. मग लाल, मग निळा, आणि शेवटी वरून एक चकचकीत थर. मग पट्ट्या मोडायच्या, की हातात फोटो. मला हे सगळं आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. मी शिवणकाम करते. आतल्या खोलीत माझं मशीन आहे, आणि लोकांनी स्वतःबद्दल बाळगलेले गैरसमज मी त्यांच्या कंबरेत सैल करून देते. कडेचं उरलेलं कापून फेकण्यात मला आयुष्यभर सुख वाटत आलंय.

फोटो लागत होते ते ताईसाठी. तिला विसरायला होत होतं. आधी शब्द गेले, मग गॅस बंद करायचं गेलं, मग माणसं जायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसांचे फोटो लावा, रोज दाखवा. मी घरभर लावले. पण सगळ्यात महत्त्वाचा फोटो दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर बघायच्या भिंगाच्या शेजारी. त्यात आम्ही दोघी. त्याला कारण होतं. मी बाहेर गेले असताना ताईने एकदा पाण्याचे फिल्टर विकणाऱ्याला आत घेतलं, माझं जेवण त्याला वाढलं, आणि आपला गेलेला नवरा समजून उशिरा आला म्हणून त्याची अशी खरडपट्टी काढली, की तो ताटावरून उठून पळाला. पण पुढचा पळेलच असं नाही ना!

म्हणून मी नियम केला. बेल वाजली की भिंगातून बघायचं, मग फोटोत बघायचं. फोटोत असेल तर साखळी काढायची. फोटोत नसेल तर काढायची नाही, बाहेरचं माणूस काही का बोलेना. मी स्वतः बाहेर जाऊन बेल वाजवायचे आणि तिच्याकडून घोटून घ्यायचे. "कोण आहे?" "मुंगी आहे." "फोटोत आहे का?" आत जरा शांतता. मग, "आहे की गं!" आणि साखळी खळकन सुटायची. मुंगी म्हणजे मी. लहानपणी चावायचे म्हणून.

भाच्याने एक अट घातली होती. "मावशी, आई जोवर तुला ओळखते तोवर ती इथे. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी संस्था. तुलाही तुझा जीव आहे." मी ती संस्था पाहून आले होते. एका ओळीत पलंग, भिंतीवर चालू टीव्ही, आणि सगळ्या बायकांचे केस एकसारखे कापलेले. ताईचे केस अजून कंबरेपर्यंत आहेत. रोज सकाळी मी विंचरते आणि रोज ती माझ्यावर ओरडते. माझ्या जिवात जीव आहे तोवर तिला मी तिथे जाऊ देणार नव्हते.

२

दारावरच्या फोटोचा कोपरा ताईने बोटं फिरवून फिरवून उडवला होता. मी म्हटलं, नवा काढू. सकाळची वेळ होती, ऊन टेबलावर आलं होतं, ताई न्याहारी करून पेंगत होती. कार्ड घातलं. छोट्या पडद्यावर फोटो आला: वेताच्या खुर्चीत ताई, तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, मी उभी. टायमर लावून धावत जाऊन उभी राहिले होते, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त राग दिसतो. मागे भिंत. डावीकडेही भिंत.

बटण दाबलं. पिवळा कागद बाहेर आला, आत गेला. मी चहाचे कप उचलत होते. लाल, निळा, थर. कागद हातात घेतला, उजवी पट्टी मोडली, डावी मोडायला बोटं नेली आणि थांबले.

डावी पट्टी पांढरी नव्हती.

तिच्यावर भिंत छापली होती. आमचीच भिंत, तोच मळकट पिवळसर रंग. आणि पट्टीच्या खालच्या अंगाला, जिथे खुर्चीची पाठ चित्राबाहेर जाते, तिथे त्या पाठीवर बोटं ठेवलेली होती. फक्त बोटं. मनगट पट्टीच्याही पलीकडे राहिलं होतं.

पहिला विचार आला तो असा, की प्रिंटरची रंगाची रिबन वाया गेली. दुसरा, की आधीच्या कुठल्या फोटोतला रंग राहिला असेल. तिसरा, की ती बोटं माझीच, फोटो दुहेरी आला असेल. माझे दोन्ही हात फोटोत दिसत होते, तरी मी स्वतःला हे तिसरं कारण बराच वेळ पटवत बसले. मग मी चिडले. चिडलं की मला बरं वाटतं. पट्टी मोडली, चुरगळली, कचऱ्यात टाकली आणि वर अंड्यांची टरफलं टाकली.

फोटो दारावर चिकटवला. ताई उठून आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं, जिथे आता काहीच नव्हतं.

"हिला का गं काढलंस?" ती म्हणाली.

३

मी टेप घेतला. शिंपिणीला दुसरं काय सुचणार? जुना फोटो, कोपरा उडालेला, मी फेकला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवले. जुन्यात माझ्या खांद्याच्या पलीकडे चांगली बोटभर भिंत होती. नव्यात खांदा कडेला टेकला होता. सगळं चित्र उजवीकडे सरकलं होतं, आणि उजव्या कडेबाहेर जाणारी पहिली वस्तू मी होते.

भाच्याला फोन केला. तो ऑफिसात होता, त्यामुळे समजूतदार आवाजात बोलला. "मावशी, कागदाच्या कडेपर्यंत छापायचं म्हणजे प्रिंटर फोटो किंचित मोठा करतो. कडेचं थोडं कापलं जातंच."

"कापलं गेलं तर मी फोन कशाला करीन? वाढलंय."

"वाढत नसतं गं."

"तर मग मी खोटं बोलतेय."

"तसं नाही म्हणत मी," तो म्हणाला, आणि तसंच म्हणत होता.

दुपारी मी वेताची खुर्ची फोटोत होती तिथे नेऊन ठेवली, कॅमेरा टेबलावर ठेवला, आणि फोटोत काय येत नाही ते बघितलं. खुर्चीच्या डावीकडे जरा भिंत, आणि मग आतल्या खोलीचं दार. माझ्या कामाच्या खोलीचं. तिथे उभं राहून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवता येतो. मी ठेवून पाहिला. अगदी सहज पोचतो.

पुन्हा छापला. या वेळी मी प्रिंटरसमोरून हलले नाही. पिवळ्या फेरीत डावीकडे एक डाग दिसला. लाल फेरीत त्या डागाला आकार आला. निळ्यात ती बाही झाली.

पट्टीवर नव्हती, चांगली फोटोच्या आत होती. खांद्यापासून मनगटापर्यंत, राखाडी कापडाची, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. ते कापड मी ओळखलं. कधी नव्हे ते मी स्वतःसाठी आणलं होतं आणि कापून ठेवलं होतं. फोटो काढला तेव्हा ते कापड दुकानातच होतं. मी आत धावले. कापलेले तुकडे माझ्या टेबलावर टाचण्या लावून जसेच्या तसे पडले होते. त्यांना सुई लागली नव्हती.

आणि फोटोतली बाही शिवलेली होती. खांद्याला झोळ नाही, कोपराला ताण नाही. इतक्या भीतीतही माझ्या मनात आलं, की मला इतकी सुरेख बसवता आली नसती. याची मला आजही चीड येते.

फोटोत माझा खांदा अर्धा कापला गेला होता.

४

प्रिंटर दुरुस्त करणारा आला तो बूट न काढता आत आला, आणि मी बुटांकडे बघितलं तर त्याने माझ्याकडे बघितलं. बसला, मशीन उलटं केलं, रिबनचा कप्पा काढून फुंकर मारली.

"काय त्रास देतंय, मॅडम?"

"फोटोत नाही ते छापतंय."

तो हसला. "मशीन बिचारं कार्डात आहे तेच छापणार. कार्डात नाही ते कुठून आणेल?"

"तेच विचारायला तुम्हाला बोलावलंय."

त्याने बटण दाबलं. कागद आतबाहेर होत राहिला. ताई आपल्या खुर्चीतून उठून आली आणि लग्नाच्या पंगतीची वाट बघावी तशी प्रिंटरपाशी उभी राहिली. "आली, आली," ती पुटपुटत होती. मी दूर खिडकीपाशी होते. खरं सांगते, माझी जवळ जायची छाती होत नव्हती.

दुरुस्तीवाल्याने फोटो वर धरला. पट्ट्या मोडल्या. "झकास आलाय की. काय वाईट आहे यात?"

"डावीकडे बघा."

"बघितलं. दोघी बहिणी छान आल्यात. ही कडेची मात्र कापली गेली." त्याने अंगठा ठेवला तो माझ्यावर. माझा एक हात, अर्धा गाल आणि एक डोळा एवढंच फोटोत उरलं होतं. "ही कोण, घरकामाला येते का?"

मी त्याच्यासमोर उभी होते. दिवसाचा लख्ख उजेड होता. त्याने माझा चेहरा बघितला, फोटोतला अर्धा चेहरा बघितला, आणि त्याच्या डोळ्यांत काहीच उमटलं नाही.

"ती मी आहे," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. खांदे उडवले. मग ताईकडे वळून अगदी अदबीने, "तुमच्या बहीणबाई आल्या की त्यांना सांगा, मशीन ठीक आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो जिना उतरून गेला तरी मी कठड्यावरून बोलत होते. परत आत आले तर ताई फोटो घेऊन बसली होती. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. बाहीवाली आता खुर्चीच्या मागे उभी होती. तिने वाकून आपला चेहरा ताईच्या केसांत खुपसला होता, त्यामुळे तो दिसत नव्हता. गळ्यात टेप होता. ताई फोटोत हसत होती. मी काढलेल्या फोटोत ती हसत नव्हती.

५

मी छापायचं बंद केलं. यावर तुम्ही म्हणाल, मग प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर येते, तर प्रिंटरचा आवाज. तो आवाज फार छोटा असतो, कोणी तरी दातांवर दात घासत असावं तसा. ताई टेबलापाशी बसली होती. गॅस बंद करता येत नाही, चप्पल कुठल्या पायात घालायची ते कळत नाही, पण तिने कार्ड घातलं होतं, फोटो निवडला होता, बटण दाबलं होतं. भाचा म्हणाला होता ते खरं झालं. आईसुद्धा करेल.

"ताई, ठेव ते."

तिने मागे वळून बघितलं. माझ्या बहिणीने आयुष्यभर माझ्याकडे नाना तऱ्हांनी बघितलंय, पण अनोळखी माणसाकडे बघावं तसं कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही कोणाकडे आलात?" तिने विचारलं.

"ताई, मी मुंगी."

"मुंगी आत शिवतेय," ती म्हणाली. "तिला हाक मारू का?"

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते उघडलं नाही. मी भांडखोर आहे, पण शूर नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी फक्त टेबलाकडे झेप घेतली आणि प्रिंटरमधून कागद ओढला. ताईने कागदाचा ट्रे उचलून माझ्या हातावर मारला. जोरात. मग दुसऱ्यांदा मारला, आणि ओरडली, "चोर! मुंगे, चोर शिरलाय घरात!"

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. जरा वेळाने बेल वाजवली, तिने नेहमीसारखं विचारलं, मी उत्तर दिलं. तिने दार उघडलं. दारावर अजून तो फोटो होता, ज्यात माझा खांदा कडेला टेकला होता पण मी होते. "कुठे होतीस गं?" ती म्हणाली आणि माझ्या सुजलेल्या हाताला मलम लावायला लागली. तिला काहीच आठवत नव्हतं. मी रडले. ती मला थोपटत राहिली.

त्याच दुपारी भाच्याचा फोन. "उद्या व्हिडिओ कॉल करतो. आईला सरळ विचारणार, ही कोण. मावशी, सांभाळून घेऊ नकोस हं. खरं काय ते कळू दे. संस्थेतली जागा मी धरून ठेवलीय."

फोन ठेवून मी प्रिंटरची रिबन उपसून काढली. ही रिबन एकदाच वापरायची असते. जो रंग कागदावर गेला तो रिबनवरून जातो, आणि तिथे फोटोची उलटी सावली उरते. मी खिडकीच्या उजेडात ती धरली आणि उलगडत गेले. पिवळा चौकोन, लाल, निळा. पुन्हा पिवळा, लाल, निळा. प्रत्येक वेळी चित्र थोडं सरकलेलं, आणि मी थोडी कमी. दुरुस्तीवाल्याने काढलेला आला. ताईने काढलेला आला. त्याच्यापुढे रिबन कोरी असायला हवी होती, कारण पुढे कोणी काही छापलंच नव्हतं.

पुढेही सावल्या होत्या.

पहिल्या सावलीत मी नव्हते. खुर्ची होती, ताई होती, आणि ताईच्या केसांतून एक डोकं वर उचललं जात होतं. त्याच्यापुढच्या चौकोनात ते आणखी वर आलं होतं. मी रिबन तशीच गुंडाळली. पुढचं बघितलं असतं तर चेहरा दिसला असता, आणि तो कोणाचा असेल याचा मला चांगलाच अंदाज होता.

६

माझा बेत सोपा होता. घरात खोटा फोटो निघतो, तर बाहेर खरा काढून आणू. दारावर तो लावू, ताईला दाखवू, व्हिडिओ कॉलच्या आधी घोटून घेऊ. सकाळी कार्ड आणि रिबन पिशवीत टाकली. प्रिंटरची वायर काढून कपाटाच्या वर फेकली. मोबाइल चार्जिंगला लावला होता, तो घाईत तिथेच राहिला. ताईला सांगितलं, "मी आलेच. नियम लक्षात आहे ना?"

"आहे गं. लहान आहे का मी?"

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गर्दी नव्हती. तिथल्या माणसाने कार्ड घेतलं, आणि मी श्वास रोखून बसले. फोटो आला. खुर्चीत ताई, शेजारी मी, अख्खी, दोन्ही खांद्यांसकट, रागावलेली. डावीकडे नुसती भिंत. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला म्हटलं, "देव तुमचं भलं करो." तो घाबरून मागे सरकला. वाटेत मी रिबन कचऱ्याच्या मोठ्या पिंपात खोल दाबली.

बेल वाजवली.

आत पावलं आली. भिंग काळं झालं, म्हणजे ताईचा डोळा लागला.

"कोण आहे?"

"मुंगी आहे."

जरा शांतता. ती नेहमीपेक्षा लांबली. मग ताई म्हणाली, "तुम्ही फोटोत नाही."

"नीट बघ, ताई. उजवीकडे."

"उजवीकडे भिंत आहे."

म्हणजे दारावरचा फोटो बदलला होता. कार्ड माझ्या पिशवीत होतं, वायर कपाटावर होती, रिबन पिंपात होती. तरी दारावर नवा फोटो होता. मी स्टुडिओतला फोटो भिंगासमोर धरला. "हा बघ. खरा फोटो हा आहे. बघ, तू आणि मी."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून ताईचा हात आला, फोटो घेऊन गेला. मला वाटलं, आता ओळखेल. मला अगदी खात्री वाटली.

"हा खोटा आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज रागाने कापत होता. "यातून तिला कापून टाकलंय. कोणी केलं हे? तुम्ही केलंत?"

"ताई, तिथे कोणी नव्हतंच गं! टायमर लावून मी धावत आले होते, तू ओरडलीस मला, आठवतंय का? पडशील म्हणालीस…"

फटीतून आतलं दिसत होतं. वेताची खुर्ची, तिच्या बाजूला माझ्या कामाच्या खोलीचं दार, आता सताड उघडं. मशीन चालू होतं. लांब, सरळ शिवण मारताना जसं एका लयीत चालतं तसं. मग ते थांबलं. ताईच्या मागे राखाडी, ठिपक्यांचं काही तरी येऊन उभं राहिलं. एक हात तिच्या खांद्यावर ठेवला गेला, आणि माझ्या ताईने न बघता, न विचारता, मान तिरकी करून त्या हातावर गाल टेकला. चेहरा दिसायच्या आत दार लागलं. कडीही लागली.

तिचे केस विंचरलेले होते. सकाळी मी घाईत विंचरायचे विसरले होते.

७

मी किती वेळ बेल वाजवली ते माहीत नाही. समोरच्या बिऱ्हाडातली बाई बाहेर आली. आमच्या दारासमोर दार असून तिच्याशी माझं कधी पटलं नाही. जिन्यातल्या चपलांवरून, केराच्या डब्यावरून, सगळ्यावरून भांडलोय. तिला माझा चेहरा पाठ असायला हवा.

"कोण हवंय?" ती म्हणाली.

"तुमचा फोन द्या जरा," मी म्हटलं. "माझा आत राहिलाय."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण फोन दिला. भाच्याचा नंबर मला पाठ आहे. त्याने लगेच उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"अरे, मी. मावशी. घरात कोणी तरी शिरलंय. ताई मला आत घेत नाहीये. तू आत्ताच्या आत्ता निघ."

तो म्हणाला, "मावशीशी मी आत्ताच बोललो. व्हिडिओवर. चांगला दोघींशी बोललो."

"ती मी नाही! अरे, मी इथे जिन्यात उभी आहे, समोरच्या बाईंचा फोन…"

"आवाज बराच जमवलाय तुम्ही," तो म्हणाला. त्याने माझ्याशी कधी असा आवाज काढला नव्हता. "मावशीने सांगितलं मला. एक बाई येऊन बेल वाजवत बसते, आईला घाबरवते. काल चोर म्हणून तिला हाकललं म्हणे आईने. तुम्हाला हवंय काय?"

मला सांगायचं होतं. लहानपणी तो तापाने फणफणला होता तेव्हा माझ्या मांडीवर होता, त्याच्या पहिल्या नोकरीचा शर्ट मी शिवला होता, असं काही तरी, जे फक्त मलाच माहीत आहे. पण मी तोंड उघडायच्या आत तो पुढे बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज मऊ झाला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"तुम्हाला कळणार नाही. पण आईने आज मावशीला ओळखलं. न विचारता, न अडखळता. नावाने हाक मारली. तिच्या हातून जेवली, हसली माझ्याकडे बघून. मी संस्थेतली जागा सोडली. आत्ताच फोन करून सोडली. आई आता घरीच राहील. त्या दोघींना जरा सुखाने जगू द्या, एवढीच विनंती आहे."

आतून ताईचा आवाज आला. ती कोणाला तरी काही तरी सांगत होती, भरभर, न थांबता, शब्द न शोधता. कित्येक दिवसांत ती इतकं बोलली नव्हती. मग ती हसली. ते हसू मी लहानपणापासून ओळखते. ती मनापासून हसली की शेवटी तिला उचकी लागते. उचकी लागली.

"हॅलो?" भाचा म्हणाला. "कोण आहात तुम्ही? नाव सांगा, नाही तर मी पोलिसांना कळवतो."

माझ्या हातात फोन होता. त्याला पटेल असा एक शब्द मी बोलले असते, तर तो आला असता. दार फोडलं असतं. आणि मग आत काहीही सापडलं असतं, तरी ताईला त्याने माझ्याकडे ठेवलं नसतं. मला ती ओळखत नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं.

समोरची बाई फोन परत घ्यायला हात पुढे करून उभी होती.

"माफ करा," मी म्हटलं. "चुकीचा नंबर लागला."